सिनेमा, हिच्या मते

आमच्या घरात सिनेमात मेलेला माणूस मरत नसे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या सिनेमात तोच चेहरा दिसला की ही हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणायची, "बरा झाला वाटतं. अंगानं पन भरलाय." मी म्हणायचो, अगं, तो सिनेमा वेगळा, हा वेगळा, त्यात त्याचं नावसुद्धा दुसरं होतं. तर म्हणायची, नाव बदललं म्हणून माणूस बदलतो होय, आपल्यातल्या किती जणांनी आडनावं बदलली, माणसं तीच राहिली ना. मी सातवीतून शाळा सोडलेला, ती चौथीतून. दोघांच्या भांडणाचा निवाडा करायला तिसरं कुणी नसायचं.

ही म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. आयुष्यभर तिला नावानं हाक मारली नाही, आता कागदावर मारली तर ती काय ओ देणार आहे.

आम्ही कांदिवलीला राहतो, पूर्वेला. आधी चाळ होती, ती पाडून बिल्डिंग झाली. मी पालिकेच्या पाणीखात्यात होतो. रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडायची, लांब चावी लावून पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. ही पलीकडच्या टॉवरमध्ये लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायची. मला पेन्शन लागली आणि हिचे गुडघे गेले, तेव्हा मुलानं भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला, त्याला इंटरनेट जोडलं आणि म्हणाला, आई, आता पाहिजे तो सिनेमा, पाहिजे तेव्हा. सूनबाई आणि तो सकाळी कामावर जायचे. मग दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, की आमचा सिनेमा.

तिला वाचायला जड जायचं, पण मुलानं दाखवलं की रिमोटवरचं एक बटण दाबून बोललं की टीव्हीला ऐकू जातं. मग काय. रिमोट तोंडाजवळ धरून ती टीव्हीशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. परवा तो उंच पोरगा होता बग, बापाशी भांडून गेला होता, त्याचं पुढं काय झालं ते लाव. टीव्ही बिचारा काहीतरी लावायचा. कधी कीर्तन, कधी बटाट्याच्या वड्या, एकदा ट्रॅक्टरची जाहिरात. जे लागेल ते ती बघायची. म्हणायची, त्यानं एवढं शोधून आणलंय, नको कसं म्हणायचं.

बसायची खाली, दिवाणाला पाठ टेकून, पुढ्यात ताट आणि भाजी. मी वर दिवाणावर पेपर घेऊन. सिनेमा कसा होता ते मला संध्याकाळी भाजीवरून कळायचं. मेथीत काड्या निघाल्या तर सिनेमा चांगला होता. भाजी अगदी नीट निवडलेली असली तर समजायचं, बंडल. एकदा तर गवारीच्या शिरा अजिबात काढलेल्या नव्हत्या. मी घास थुंकला आणि विचारलं, काय होतं आज. म्हणाली, नका विचारू, त्या पोरीचं लई वाईट झालं.

तिची मतं ऐकायला मजा यायची. आता म्हणतो मजा, तेव्हा मी पेपरातून डोकं काढून "गप बघ की" म्हणायचो. मोठ्या बंगल्यातला जिना दिसला की ती नटनटीकडे बघायचीच नाही, कठड्याकडे बघायची. हा पुसतं कोण, ती बाई एकदा पन दाखवत न्हाईत. कुणी अर्धा कप चहा ठेवून रागानं उठून गेलं की हिचा जीव त्या कपात. पुढचं भांडण, मारामारी, काही डोक्यात शिरायचं नाही. एक मारामारीचा सिनेमा होता, शेवटी सगळं शहर जळतं. तो संपल्यावर मी विचारलं कसा वाटला. म्हणाली, बरा होता, पण त्या घरात सकाळपासून कुणी जेवलंच नाही, भांडतील नाहीतर काय करतील.

आणि माफी नव्हती कुणाला. एक जण कुठल्याशा सिनेमात सुनेला जाळणारा सासरा झाला होता. नंतर तोच दुसरीकडे शाळेतला प्रेमळ मास्तर म्हणून आला, पोरांना गोष्टी सांगतोय, पोरं त्याच्या गळ्यात पडतायत. ही अस्वस्थ. पोरांनो, त्याच्यापाशी जाऊ नका, असं तिनं टीव्हीला खरंच सांगितलं. मी म्हटलं, अगं, सुधारला असेल. ती म्हणाली, तुरुंगात गेलेला दाखवला न्हाई, मंग सुधारला कवा.

तिची सगळ्यात लाडकी होती एक म्हातारी नटी. मोठं नाव नाही तिचं. कुणाची तरी आई व्हायची, दोन-चार वाक्यं बोलायची, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहायची. हिच्याकडे तिचा सगळा संसार जमा होता. तिचं एक पोरगं पोलिसात लागलं, एक वाया गेलं, थोरला परदेशात जाऊन बसला आणि फोन करत नाही. नवरा कधी टिकलाच नाही, प्रत्येक सिनेमात फोटोतच. किती सोसते बाई, असं म्हणून ही खरोखर हळहळायची.

आता खरी गोष्ट सांगतो. हिचे गुडघे दाखवायला आम्ही गोरेगावला एका हाडांच्या डॉक्टरकडे जायचो. तिथं बाकावर एक दिवस तीच म्हातारी नटी. साधा पंजाबी ड्रेस, पायात चपला, गुडघ्याला पट्टा, हातात फाइल. मी ओळखलीच नाही, आपल्यासारखीच पेशंट. हिनं ओळखली. मी हात धरीपर्यंत ही उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "ताई, थोरला करतो का आता फोन?"

मला वाटलं, आता ही बाई हसणार नाहीतर नर्सला बोलावणार. मी मान खाली घातली. त्या बाईनं हातातली फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाली, करतो, रविवारी करतो. ही म्हणाली, चांगलं झालं, तुम्ही पण त्याला तोडून बोलू नका, लांब असतात पोरं. ती हो म्हणाली. तिचा नंबर लागेपर्यंत दोघी हातात हात घेऊन बसल्या होत्या.

रिक्षात मी हिला झापलं. म्हटलं, शोभतं का तुला, ते सगळं नाटक असतं. तिनं शांतपणे विचारलं, "नाटकात रडली तरी डोळ्यातलं पानी कुनाचं असतं वो?"

ती बाई तिच्या खऱ्या मुलाबद्दल बोलली का सिनेमातल्या, मला अजून माहीत नाही. हिला तो प्रश्नच पडला नव्हता.

एका गोष्टीवर मात्र ती सिनेमाशी कडाकडा भांडायची. सिनेमात कुणाला मोठा आजार झाला की डॉक्टर मुलाला बाजूला नेतो, चष्मा काढतो आणि हळू आवाजात सांगतो. मग घरातले सगळे मिळून त्या आजारी माणसापासून ते लपवतात. हसतात, केक कापतात, पाठ फिरवून डोळे पुसतात. हा प्रकार आला की ही सिनेमा थांबवायची. थांबवायचं बटण तिला पक्कं ठाऊक होतं. त्या डॉक्टरचं तोंड अर्धं उघडं राहायचं आणि ही त्याला सुनवायची. "तिला आत ठेवून भाईर काय कुजबुजता? तिचं मरान हाय, तिला नको ठावं व्हायला?"

तिचं म्हणणं सरळ होतं. माणसाला जायच्या आधी कामं असतात. कुणाला काय द्यायचं, कुणाशी अबोला आहे तो सोडायचा का ठेवायचा, कुठला डबा कुणाच्या घरून आलेला परत करायचा राहिलाय. न सांगता नेलं तर ते सगळं तसंच राहणार. घरच्यांना काय, रडायचंय फक्त. एकदा असाच सिनेमा थांबवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, माझ्या बाबतीत असलं काही करू नका, मला सांगायचं. मी पेपर वाचत होतो. हो म्हटलं. असल्या गोष्टीला माणूस हो म्हणतो.

पोटात दुखायला लागलं ते आम्ही आधी पित्त समजलो. मग ती जेवेनाशी झाली. मुलानं मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर हिला म्हणाले, आई, तुम्ही जरा बाहेर बसा. ही बाहेर बाकावर बसली. दार बंद झालं. डॉक्टरांनी चष्मा काढला. खरं सांगतो, मला हसू येणार होतं. वाटलं, ही आत असती तर आता बटण दाबलं असतं.

कॅन्सर होता. आतड्यातून लिव्हरपर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले.

आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर पडलो. जिन्यात मुलानं मला धरलं. बाबा, आईला सांगायचं नाही, अल्सर आहे म्हणून सांगू. मी म्हटलं, तिला कळेल, आणि तिनं मला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "बाबा, मी तिच्याकडे बघून हे नाही बोलू शकत. तुम्ही पण बोलायचं नाही." आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. आमचा मुलगा मोठा माणूस आहे, हाताखाली माणसं आहेत त्याच्या. लहानपणी चटका बसला तेव्हा रडला होता, त्यानंतर मी त्याला रडताना पाहिला नव्हता. माझ्या तोंडात आलेलं राहत नाही म्हणून खात्यात साहेब लोक मला टरकायचे. पण त्या दिवशी गप्प बसलो.

बाकावर ही तशीच बसली होती. मुलगा हसत गेला आणि म्हणाला, काही नाही आई, अल्सर आहे, तिखट बंद. ही म्हणाली, बरं.

मग घरात सुरू झालं. मी रोज तिच्या डोक्यामागे दिवाणावर बसायचो आणि माझ्या पोटात ते एकच वाक्य. सांगू का नको. पेपर उघडा, पण अक्षर दिसत नव्हतं. सूनबाई गुणी आहे. तिनं टीव्हीवरचे सिनेमे निवडून ठेवायला सुरुवात केली, कामावर जाताना लावून द्यायची. सगळे विनोदी, लग्नाचे, नाचगाण्याचे. ही मेथी निवडत बघायची. पुढे पुढे भाजी निवडणंही होईना, ताट नुसतं पुढ्यात असायचं. एक दिवस म्हणाली, "हल्ली सिनेमात कुनी आजारीच पडत न्हाई बगा. समदी धडधाकट. नुसती नाचत्यात."

मी पेपर वर केला, तोंडासमोर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी घरात आम्ही दोघंच. सूनबाईनं लावून दिलेला सिनेमा हिनं बंद केला आणि रिमोट तोंडाशी धरून जुन्या एका सिनेमाचं वर्णन सांगायला लागली. ती आई हाय बग, पिवळी साडी, पोराच्या लग्नाला आलेली आनि चक्कर येऊन पडती. नवल म्हणजे टीव्हीनं पहिल्या फटक्यात तोच लावला. आम्ही तो आधी पाहिला होता. त्यात तेच, लपवायचं. मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

सिनेमा चालला. ती आई चक्कर येऊन पडली. हॉस्पिटल आलं. डॉक्टरनं पोराला बाजूला नेलं, चष्मा काढला. मी वाट बघत होतो की ही आता थांबवेल आणि बोलेल. रिमोट तिच्या मांडीवर होता. तिनं थांबवलं नाही. डॉक्टर बोलला, पोरगा रडला, पुढचा सीन सुरू झाला, आणि ही नुसती बघत राहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं भांडण मला कधी लागलं नाही एवढं तिचं ते गप्प बसणं लागलं.

मी उठलो. टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "अगं, तुला अल्सर नाही."

ती म्हणाली, "ठावं हाय. बाजूला व्हा, दिसत न्हाई."

मी बाजूला झालो. काय करणार. तिच्याजवळ खाली बसलो, गुडघे मोडत नाहीत तरी बसलो. तिनं सिनेमा शेवटपर्यंत बघितला. ती आई मेली, पोरानं अग्नी दिला, नावांच्या पाट्या वर जायला लागल्या. तेव्हा ती म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत, मी वाट बगत हुते तुम्ही कवा बोलताय. मी विचारलं, तुला कळलं कधी. म्हणाली, त्या दिवशीच, दार लावलं तवा. मला आत ठेवलं असतं तर अल्सर. भाईर ठेवलं म्हंजे काय असतं ते मी बगितलेलं न्हाई का.

मग म्हणाली, आता पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून.

मला राग आला. म्हटलं, एवढी वर्षं सिनेमे थांबवून थांबवून डॉक्टरांना शिव्या घातल्यास, लपवू नये, लपवू नये, आणि आता तूच लपव म्हणतेस. ती म्हणाली, ते सिनेमाचं. सिनेमातलं पोरगं माझं हाय का?

जरा दम खाऊन म्हणाली, "लपवतोय म्हनून तो उभा हाय. मला कळलंय असं कळलं तर खाली बसंल. मी हाय तवर उभा राहू दे."

अशी आमची तऱ्हा. मुलगा आणि सूनबाई हिच्यापासून लपवत होते, आम्ही दोघं त्यांच्यापासून. हिनं काम फार चोख केलं. मुलगा संध्याकाळी आला की ती त्याला विचारायची, अल्सर कधी बरा होतो, तिखट कधी चालेल. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात, आई. ती म्हणायची, मग पुढच्या महिन्यात ठेचा करते, तू शेंगदाणे आणून ठेव. तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. मी पाणीखात्यातला माणूस, नळ कशासाठी सोडलाय ते मला आवाजावरून कळायचं. तो आत असेपर्यंत ही माझ्याकडे बघत बसायची. तो बाहेर आला की म्हणायची, जेव बाबा.

मला ते काम जमत नव्हतं. माझं तोंड म्हणजे उघडं झाकण. तिनं मला सांगितलं, तुम्ही पेपर धरून बसत जा, उलटा धरला तरी चालेल.

आणि दुपारी तिची खरी कामं चालायची. कपाट आवरायचंय म्हणून लुगडी काढली, कुठलं बहिणीला मुलुंडला, कुठलं सूनबाईला, ते मला सांगून वेगळ्या पिशव्यांत भरलं. खालच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्यावरून अबोला होता. मला वाटलं तो सोडेल. तर म्हणाली, न्हाई, त्यात तिचीच चूक हाय, राहू दे. शेजारचा डबा मात्र आठवणीनं परत द्यायला लावला, आत रव्याचे लाडू घालून. लाडू मी वळले, ती बसून सांगत होती. त्यातले निम्मे फुटले.

सिनेमे बघायची शेवटपर्यंत, पण मतं कमी झाली. डोळे मिटून नुसतं ऐकायची. एकदा म्हणाली, आवाज वाढवा, तो कुनीतरी आईला हाका मारतोय.

पावसाळा संपता संपता ती गेली. हॉस्पिटलात, सकाळी. मुलगा पायाशी उभा होता, पाय चोळत. तो म्हणाला, आई, उद्या घरी जायचंय. ती त्याच्याकडे बघून "बरं" म्हणाली. तेवढंच. मग डोळे मिटले आणि दोन तासांनी गेली. ते "बरं" तिचं शेवटचं काम होतं असं मी धरतो. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये झाला. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या खाली हिचा. वंदना झाली, मग एकेक जण उठून चार शब्द बोलला. आमचा मुलगा माइकवर उभा राहिला. चांगला बोलतो तो. आईनं पोळ्या लाटून मला शिकवलं, असं सांगितलं. मग म्हणाला, "आईला आम्ही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. ती हसत गेली. एवढं एक समाधान मला आहे." बायांनी पदर डोळ्याला लावले. माझा साडू मला कानात म्हणाला, पोरानं केलं हो, सोपं नाही हे. मी मान हलवली. डोळे मात्र सवयीनं खाली वळले, ती बसायची त्या बाजूला. तिथं सतरंजी होती.

मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो. समोर मुलगा बसला होता, मोकळ्या चेहऱ्यानं, कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, सगळ्यांनी जेवून जा. आणि बसलो.

त्यानंतर बरेच दिवस टीव्ही बंद होता. कुणी मनाई केली नव्हती, पण लावावासा वाटत नव्हता. मग एक दिवस घर खायला उठलं म्हणून मी लावला. रिमोटशी बोलणं मला जमत नाही, लाज वाटते. बटणं दाबली, काहीतरी लागलं. त्यात ती म्हातारी नटी निघाली. पोराची वाट बघत खिडकीत बसलेली, आणि शेवटी खिडकीतच मान टाकते. मी म्हटलं, मरू दे, पुढच्या आठवड्यात येईल परत. आणि मला एवढा राग आला की सांगता येत नाही. कुणाचा, ते पण सांगता येत नाही. त्या नटीचा नक्की नाही.

मुलगा रविवारी दुपारी घरी असतो. गेल्या महिन्यात सूनबाई माहेरी गेली होती. जेवण झाल्यावर तो म्हणाला, बाबा, लावू का काही? लावलं. तो खाली बसला, दिवाणाला टेकून. तिथं बसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमा कुठला ते सांगत नाही, सगळे सारखेच. मध्यावर बायकोला आजार निघाला आणि नवरा डॉक्टरच्या खोलीबाहेर येऊन तोंड पुसून हसायला लागला. मुलानं सिनेमा थांबवला. मला वाटलं पाणी प्यायला उठतोय. उठला नाही. पाठ माझ्याकडे, तोंड टीव्हीकडे. तसंच विचारलं, "बाबा, आईला कळलं होतं का?"

हिनं मला नको म्हणून सांगितलं होतं. पण ती म्हणाली होती, मी हाय तवर. ती नाही आता. आणि हा पोरगा किती वर्षं उभा राहणार. बसला तर बसू दे खाली, मी आहे की वर दिवाणावर.

म्हटलं, होय. पहिल्या दिवसापासून.

मग मी सगळं सांगितलं. बाहेरचा बाक, दार, ती दुपार, पोराला सांगू नका म्हणाली ते. ठेच्याचं पण सांगितलं. तो ऐकत होता, मान हलत नव्हती. टीव्हीवर तो नवरा हसता हसता थांबलेला. मला भीती वाटायला लागली की आपण चुकलो, हिचं ऐकायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं तो वळला. डोळे लाल, पण तोंडावर वेगळंच काहीतरी. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असायचं तसं. म्हणाला, "मग ती बघत होती म्हणजे रोज. मी कसा करत होतो? काय म्हणायची?"

आता ह्याला काय सांगायचं. खोटं बोलणं माझ्याच्यानं होत नाही, एकदा केलं ते बास झालं.

"बेकार म्हणायची," मी म्हटलं. "म्हणायची, दारातनं आत यायच्या आधीच हसायला लागतंय. हापिसातनं दमून येणारा मानूस येवढं हसत येतो व्हय."

तो हसला. खरं हसला, आवाज करून. मग त्यानं कपाळ माझ्या गुडघ्याला लावलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी हात ठेवला त्याच्या डोक्यावर. मध्ये टक्कल पडायला लागलंय, मला माहीतच नव्हतं.

जरा वेळानं तशीच मान खाली ठेवून तो म्हणाला, "अजून काय म्हणायची?"